दऱ्या आणि दर्या: एका ग्रंथालयाच्या सूचीतल्या मराठी स्ट्रिंगचे प्रकरण

तालुक्याच्या गावातले एक ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अशी ग्रंथालये राज्यभर आहेत. शाईने भरलेल्या दाखल नोंदवह्या, लोखंडी कपाटे, देवघेवीचे टेबल आणि त्यावर एक संगणक. संगणकात पुस्तकांची सूची आहे आणि ती शोधण्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम आहे. प्रोग्राम ज्यांनी करून दिला त्यांनी ते काम सोडले होते, म्हणून तो माझ्याकडे आला.

तक्रार साधी होती. वाचक पुस्तक मागतो. ग्रंथपाल बाई लेखकाचे नाव टाकतात, पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ येते. बाई उठून कपाटातून तेच पुस्तक काढून आणतात. दाखल क्रमांक लावून पाहिला तर नोंद व्यवस्थित दिसते, नावही अगदी तेच. बाई म्हणाल्या, “सर, मला सगळी कपाटं पाठ आहेत म्हणून चाललंय. मी रजेवर असले की मुली वाचकाला ‘नाही’ म्हणून परत पाठवतात.” मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटले. सूची बाईंच्या स्मरणाशिवाय चालावी म्हणून केलेली असते, आणि इथे ती बाईंच्या स्मरणावरच चालली होती.

तक्रारीची उलटी बाजूही होती. पुस्तकाच्या नावात ‘काळे’ शोधले की ‘कोळी’ असलेली नावे यायची, ‘केळी’ असलेलीही यायची. म्हणजे कुठे असलेले सापडत नव्हते आणि कुठे नसलेले सापडत होते.

सूची कशी साठत गेली

कारण शोधण्याआधी ही अक्षरे संगणकात कुठून आली ते पाहावे लागले. सूची एका हाताने एका काळात भरलेली नव्हती. सर्वांत जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात. फॉन्ट बदलला की सगळे अगम्य होते. या नोंदी पुढे एका परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्या होत्या. दुसरा थर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणाऱ्या लिपिकाचा. तिसरा थर उन्हाळी सुटीत मदतीला आलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींचा, मोबाइलवर उच्चारानुसार टाइप करून एक्सेलमध्ये उतरवलेला. तिन्ही थर एका तक्त्यात एकत्र झाले होते आणि पडद्यावर पाहणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळण्याचा काही मार्ग नव्हता.

अशा प्रकरणात पहिले काम एकच असते: डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. ‘सारख्या’ दिसणाऱ्या दोन नोंदी घ्यायच्या आणि पायथनच्या ‘ऑर्ड’ फंक्शनने प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापायचा. युनिकोडने देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिले आहेत. स्वर, व्यंजन, काना, वेलांटी, पाय मोडण्याचे चिन्ह या प्रत्येकाला आपापला क्रमांक आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मोजतो: म, हा, रा, ष्ट्र. पायथनचे लांबी मोजणारे ‘लेन’ त्याचे उत्तर १० देते, आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत साठवला की त्याचे ३० बाइट होतात. मराठी स्ट्रिंगवर, म्हणजे अशा चिन्हांच्या सलग ओळीवर, काम करताना या तीन संख्या कायम वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांची सरमिसळ झाली की पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच निघतात.

डॉक्टर आणि ॲडव्होकेट

लेखकाच्या नावाचा शोध सुरुवातीपासून अक्षरशः जुळवणी करत होता. ‘डॉ.’ने सुरू होणारे निम्मे लेखक गायब होते. क्रमांक छापल्यावर उत्तर लगेच दिसले. एका नोंदीत ‘डॉ’ म्हणजे २३३७ आणि २३७७: ड आणि त्यावरचा ‘ॉ’ हे एकच चिन्ह. दुसऱ्या नोंदीत ‘डाॅ’ म्हणजे २३३७, २३६६, २३७३: ड, मग काना, मग वेगळा अर्धचंद्र. हाताने लिहिताना आपण काना काढून वर अर्धचंद्र देतो, म्हणून टाइप करणाऱ्यानेही तेच केले. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. ‘ऑ’चेही तसेच. कुठे तो २३२१ हा एकच क्रमांक, कुठे ‘आ’ आणि त्यावर सुटा अर्धचंद्र.

‘ॲड.’ तर तीन रूपांत सापडले. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी टाइप करणाऱ्याकडे दोनच पर्याय होते: ‘अ’वर सुटा अर्धचंद्र देणे, किंवा हिंदीसाठी असलेला ‘ऍ’ वापरणे. जुन्या नोंदींत हे दोन्ही आहेत आणि नव्यांत ‘ॲ’ आहे. एकाच वकील लेखकाची पुस्तके त्यामुळे सूचीत तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर विभागली गेली होती.

इथे अनुभवी प्रोग्रामरच्या मनात येणारा उपाय म्हणजे युनिकोड सामान्यीकरण, एनएफसी. एकाच अक्षराच्या दोन समतुल्य लेखनांना ते एका रूपात आणते. ‘र’खाली नुक्ता म्हणजे टिंब दिले असेल तर त्याचा ते ‘ऱ’ करते. पण ‘डाॅ’ आणि ‘डॉ’ यांना युनिकोड समतुल्य मानत नाही, ‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांनाही नाही. युनिकोडच्या पुस्तकात अशा जोड्यांबद्दल ‘हे लेखन वापरू नका’ एवढेच सांगितलेले आहे, त्या आपोआप जुळतील असे कुठेही म्हटलेले नाही. म्हणून एनएफसी चालवल्यावर या नोंदी जशाच्या तशा राहतात. नियम स्वतः लिहावे लागतात: काना आणि अर्धचंद्र सलग आले तर ‘ॉ’, ‘आ’वर अर्धचंद्र आला तर ‘ऑ’, ‘अ’वर आला तर ‘ॲ’, आणि ‘ऍ’ दिसला तर ‘ॲ’. मराठी सूचीपुरते हे चार बदल निर्धोक आहेत. हिंदी पुस्तकांच्या नोंदींना शेवटचा नियम लावायचा नाही असे आम्ही ठरवले, कारण तिथे ‘ऍ’ हेच त्या भाषेचे रूढ अक्षर आहे.

‘काळे’ शोधल्यावर ‘कोळी’ का येतात

पुस्तकाच्या नावाचा शोध वेगळ्या पद्धतीने चालत होता. प्रोग्राम नावाचे शब्द पाडून त्यांची अनुक्रमणिका ठेवायचा, आणि शब्द पाडण्यासाठी पायथनच्या ‘आरई’ मॉड्यूलमधले ‘शब्दातले कोणतेही चिन्ह’ या अर्थाचे बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरले होते. इंग्रजीसाठी ते ठीक चालते. पण पायथनच्या या मॉड्यूलच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही शब्दातली चिन्हे नव्हेतच. ती आली की त्याच्या मते शब्द संपतो.

‘कुलकर्णी’ या शब्दाचे त्याने तीन तुकडे केले होते: ‘क’, ‘लकर’, ‘ण’. ‘देशपांडे’चे ‘द’, ‘शप’, ‘ड’. ‘काळे’चे ‘क’ आणि ‘ळ’. ‘कोळी’चेही ‘क’ आणि ‘ळ’, ‘केळी’चेही तेच. शोधताना टाकलेल्या शब्दाचीही अशीच फोड व्हायची, त्यामुळे प्रोग्रामला हे तिन्ही शब्द एकच वाटत होते. सूचीतला प्रत्येक मराठी शब्द स्वरचिन्हे काढून साठवलेला होता आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण निकालांच्या गर्दीत हवे ते पुस्तकही कुठेतरी असायचेच.

याच जातीचा आणखी एक सापळा सभासद नोंदणीत होता. नावात फक्त अक्षरेच आहेत ना हे तपासायला ‘इजअल्फा’ वापरले होते. ‘कदम’ त्यातून पार पडतो. ‘जोशी’ पडत नाही, कारण त्यात मात्रा आणि वेलांटी आहे. देवघेवीच्या टेबलावरच्या मुलींनी त्यावर तोडगा काढला होता: सभासदांची नावे इंग्रजीत भरायची. मराठी ग्रंथालयाची सभासद यादी अशा एका ओळीमुळे इंग्रजीत गेली होती याचे मला मनापासून वाईट वाटले. ती ओळ काढून टाकली. नावाची अशी तपासणी करण्याचे मुळात काही कारण नव्हते.

शब्द पाडण्यासाठी मी स्वतःची व्याख्या लिहिली: देवनागरीच्या क्रमांकांतले कोणतेही चिन्ह, फक्त दंड आणि दुहेरी दंड म्हणजे २४०४ आणि २४०५ सोडून. त्यात दोन अदृश्य जोडचिन्हे समाविष्ट केली. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण खरे प्रकरण तिथेच आहे.

हा दोष काढल्यावर त्याखाली झाकलेला दुसरा वर आला. ‘दुःख’ हा शब्द आता सापडेनासा झाला. आधी त्याचे ‘द’ आणि ‘ख’ असे तुकडे होत असल्यामुळे तो कसाही लिहिला तरी सापडायचा. आता दिसले की निम्म्या नोंदींत विसर्ग नाहीच, त्याजागी अपूर्णविरामाची दोन टिंबे आहेत: ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शब्द’. विसर्गाचा क्रमांक २३०७, अपूर्णविरामाचा ५८. दोन देवनागरी चिन्हांच्या मध्ये, जागा न सोडता आलेला अपूर्णविराम म्हणजे विसर्गच, असा नियम लिहिला. ‘खंड २: उत्तरार्ध’ यासारख्या नावात अपूर्णविरामानंतर जागा असते, त्यामुळे ती नावे सुरक्षित राहिली.

रफार आणि अर्धा ऱ

आता सर्वांत अवघड भाग.

मराठीत ‘र’ पुढच्या ‘य’ला दोन प्रकारे जोडला जातो. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ यांत रफार वर जातो. ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ यांत अर्धा ऱ शेजारी आडवा बसतो. उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाक होईल. ‘आर्या’ हे वृत्त आहे, ‘आऱ्या’ ही चांभाराची हत्यारे. ‘भार्या’ म्हणजे पत्नी, आणि ‘भाऱ्या’त गवत किंवा लाकूड बांधलेले असते.

युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे ‘ऱ’ (२३५३), पाय मोडण्याचे चिन्ह (२३८१), आणि मग ‘य’. हा ‘ऱ’ संकेतसूचीत दक्षिणेकडच्या भाषांतला वेगळा र लिहिता यावा म्हणून ठेवलेला आहे, आणि मराठी त्याचे अर्धे रूप वापरते. दुसरी, जुनी रीत म्हणजे साधा ‘र’ (२३५२), पाय मोडण्याचे चिन्ह, त्यानंतर झेडडब्ल्यूजे हे रुंदी नसलेले अदृश्य जोडचिन्ह (८२०५), आणि मग ‘य’. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. दुसऱ्या रीतीतले ते अदृश्य चिन्ह काढले तर उरतो साधा ‘र’, मोडलेला पाय आणि ‘य’: म्हणजे रफाराचा ‘र्य’.

इनस्क्रिप्टवर काम करणाऱ्या लिपिकाने पहिली रीत वापरली होती. जुन्या फॉन्टमधून आलेल्या नोंदी दुसऱ्या रीतीत होत्या. आणि मूळ प्रोग्राममध्ये आयात करतानाची एक ओळ होती. तिच्यावर टिप्पणी होती: ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे काढा’. ती ओळ ८२०४ (अक्षरे जोडू नका असे सांगणारे अदृश्य चिन्ह) आणि ८२०५ हे दोन्ही क्रमांक सरसकट पुसत होती. शोधरूपात, म्हणजे फक्त शोधण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीत, पुसले असते तर फार बिघडले नसते. तिने ते मूळ नोंदीतच पुसले होते.

त्या एका ओळीने ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ केले, ‘कुऱ्हाड’ची ‘कुर्हाड’, ‘साताऱ्याचा’चे ‘सातार्याचा’, ‘शेतकऱ्यांचे’चे ‘शेतकर्यांचे’. हे शब्द निदान चुकीचे आहेत हे दिसते तरी. पण ‘दर्‍या’चा ‘दर्या’ झाला, तो अस्सल मराठी शब्द झाला. आता तो शब्द मुळात कोणता होता हे स्ट्रिंगमध्ये कुठेही उरलेले नाही. अशी ओळ लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. इंग्रजी मजकुरात अदृश्य चिन्हे हा खरोखरच कचरा असतो आणि तो पुसण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. देवनागरीत मात्र त्या चिन्हात अर्थ साठवलेला असू शकतो, आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी शिकले पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

दुरुस्तीचे दोन भाग झाले. ज्या नोंदींत ८२०५ शिल्लक होता त्यांचे सोपे होते: ‘र’, मोडलेला पाय आणि ८२०५ हा क्रम दिसला की त्याजागी ‘ऱ’ आणि मोडलेला पाय. हे आधी करायचे आणि बाकीची अदृश्य चिन्हे नंतर काढायची. हा क्रम उलटला तर सुधारणा करणारा प्रोग्रामच पुन्हा तेच नुकसान करील, म्हणून दोन्ही पायऱ्या एकाच फंक्शनमध्ये, याच क्रमाने ठेवल्या.

पुसल्या गेलेल्या नोंदींसाठी व्याकरणाकडे जावे लागले. ‘र्ह’ तुलनेने सोपा. मराठीत ‘वऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘चऱ्हाट’, ‘तऱ्हा’, ‘ऱ्हास’ सगळीकडे अर्धा ऱ आहे. रफार येतो तो ‘अर्हता’, ‘गर्हणीय’ अशा मोजक्या तत्सम शब्दांत. त्यांची छोटी यादी केली आणि बाकी सगळे ‘र्ह’ बदलले.

‘र्य’ला असा एक नियम लागू होत नाही. पण आपले व्याकरण इथे मदत करते. अर्धा ऱ बहुतेक वेळा ‘रा’ किंवा ‘री’ने संपणाऱ्या शब्दाच्या सामान्यरूपात किंवा अनेकवचनात येतो: वारा, वाऱ्याचा, दरी, दऱ्या, शेतकरी, शेतकऱ्यांचे, नवरा, नवऱ्याला, सातारा, साताऱ्याचा. म्हणून प्रोग्रामने प्रत्येक ‘र्य’ असलेला शब्द घेऊन ‘र्य’च्या जागी ‘रा’ आणि ‘री’ घालून पाहिले, आणि तसा शब्द सूचीतच इतरत्र किंवा शब्दयादीत आहे का ते तपासले. दुसरीकडे ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’, ‘ऐश्वर्य’, ‘मर्यादा’, ‘पर्याय’ अशा तत्सम शब्दांची यादी ठेवली. एकाच यादीत बसणारे शब्द आपोआप सुटले. दोन्हींत बसणारे किंवा एकाही यादीत न बसणारे शब्द प्रोग्रामने बदलले नाहीत. ते कागदावर छापून ग्रंथपाल बाईंकडे दिले.

बाईंनी ती पाने घेऊन कपाटांपुढे बसून काम केले. संशय आला की पुस्तक काढून नामपृष्ठ पाहायचे, पुस्तक बाहेर गेलेले असेल तर दाखल नोंदवही पाहायची. जुन्या नोंदवहीतले अक्षर सुरेख होते आणि लिहिणाऱ्याने प्रत्येक अर्धा ऱ नीट आडवा काढला होता. संगणकात आल्यावर जी माहिती पुसली गेली, ती शाईत तशीच शाबूत होती. कवितासंग्रहांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. गद्य पुस्तकाच्या नावात ‘दर्या’ आहे की ‘दऱ्या’ हे शेजारच्या शब्दावरून बहुधा कळते, कवितेच्या पुस्तकाला दोन्ही शोभतात. एका ठिकाणी मी नावावरून ‘दऱ्या’ असावे असे सुचवले, तर बाई म्हणाल्या, “अहो, ते कोळ्यांच्या जीवनावरचं पुस्तक आहे, तिथं दर्याच हवा.” पुस्तक काढून पाहिले तर दर्याच होता.

पाठीवरची चिठ्ठी

पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर लेखकाच्या आडनावाची सुरुवातीची अक्षरे छापतात. प्रोग्राम स्ट्रिंगमधली पहिली दोन चिन्हे कापून घेत होता. ‘कदम’चे ‘कद’ व्हायचे, ‘जोशी’चे फक्त ‘जो’, आणि ‘क्षीरसागर’चे ‘क्’. ‘श्रोत्री’च्या चिठ्ठीवर पाय मोडलेला ‘श्’ होता. कपाटात त्या चिठ्ठ्या ओळीने पाहताना वाईट वाटायचे.

अक्षरानुसार कापायचे तर अक्षर म्हणजे काय ते सांगावे लागते. युनिकोडमध्ये यासाठी ‘ग्राफीम क्लस्टर’ची व्याख्या आहे, पण देवनागरीपुरती ती बराच काळ अपुरी होती. मोडलेल्या पायानंतर ती तुटायची, म्हणजे ‘क्षी’चे ‘क्’ आणि ‘षी’ असे दोन भाग व्हायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकसंध ठेवणारा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी आला. त्यामुळे एकाच नावाचे उत्तर प्रोग्राममध्ये वापरलेल्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, आवृत्तीप्रमाणे बदलू शकते. ग्रंथालयातला संगणक जुना होता, म्हणून मी नियम सरळ लिहून काढला: एक व्यंजन, त्यानंतर मोडलेला पाय आणि व्यंजन अशा हव्या तेवढ्या जोड्या, शेवटी असतील ती स्वरचिन्हे, अनुस्वार किंवा विसर्ग. नाहीतर एक स्वर आणि त्याचा अनुस्वार. एवढ्यावर ‘क्षीर’, ‘श्रोत्री’, ‘जोशी’, ‘कद’ अशा दोन-दोन अक्षरांच्या चिठ्ठ्या निघू लागल्या.

याच व्याख्येने आणखी एक गोष्ट सुटली. ‘वार’ शोधले की ‘वार्ता’ यायचे, कारण व, काना आणि र ही तीन चिन्हे त्यातही सलग आहेत. आता सापडलेला तुकडा अक्षराच्या सीमेवर संपतो का तेही तपासले जाते.

क्रमवारीचे थोडक्यात सांगतो. युनिकोडची देवनागरी मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे येतो आणि त्यानंतर ‘क्ष’, ‘ज्ञ’. पायथनची साधी क्रमवारी क्रमांकांवर चालते, त्यामुळे ‘क्षीरसागर’ ‘क’च्या शेवटी जातो. ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांच्या खणांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी होते, वाचकांनाही तेच सवयीचे होते, म्हणून प्रत्येक अक्षराला वर्णमालेतला क्रमांक देणारा तक्ता करून त्यावर क्रमवारी लावली.

शेवटी काय उभे राहिले

आता प्रत्येक नोंदीला तीन रकाने आहेत. पहिला, टाइप केले तसेच. तो कधीही बदलला जात नाही. दुसरा, दुरुस्त केलेले रूप, पडद्यावर आणि चिठ्ठीवर दिसणारे. तिसरा, शोधरूप, वाचकाला कधीही न दिसणारे. जुन्या प्रोग्रामने पहिला रकाना जपला असता तर बाईंना कपाटांपुढे बसावे लागले नसते, म्हणून हा आग्रह मी सोडला नाही. नियमांसोबत शब्दांच्या जोड्यांची एक चाचणी यादीही आहे: कोणते शब्द एक मानायचे आणि कोणते कधीही एक मानायचे नाहीत. ‘डाॅ’ आणि ‘डॉ’ पहिल्या भागात, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दुसऱ्या. नवा नियम घातला की आधी ही यादी तपासली जाते.

शोधरूपात किती सैल व्हायचे यावर बाईंशी बरीच चर्चा झाली. वाचक ‘कवी’ टाइप करतो आणि ‘कवि’ही करतो. म्हणून शोधरूपात ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी एक केली, उकारही एक केले. ‘दिन’ शोधताना ‘दीन’ही येतो, पण समोर मूळ रूप दिसत असल्यामुळे निवडणे अवघड जात नाही. जुन्या पुस्तकांच्या नावांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार आहेत. १९६२ च्या लेखननियमांनंतर ते लेखनातून गेले, नामपृष्ठावर मात्र आहेत आणि सूचीतही तसेच राहायला हवेत. शोधात सगळेच अनुस्वार पुसले तर फार असंबद्ध नोंदी येतात. म्हणून पहिल्या फेरीत काहीच सापडले नाही तरच अनुस्वार सोडून दुसरी फेरी होते.

काही नोंदी मात्र सुटल्या नाहीत. पुस्तक हरवलेले, त्या वर्षाची नोंदवही भिजून शाई पसरलेली, आणि स्ट्रिंगमध्ये नुसता ‘र्य’. अशा नोंदींच्या दुसऱ्या रकान्यात आम्ही काही ठरवले नाही, जे मिळाले तेच ठेवले आणि पुढे संशयाची खूण केली. शोधरूपात मात्र दोन्ही रूपे घातली आहेत, म्हणजे वाचकाने रफार देऊन शोधले किंवा अर्धा ऱ देऊन शोधले तरी ती नोंद वर येते आणि खूण पाहून टेबलावरची मुलगी त्याला विचारते की हे पुस्तक त्याने कुठे पाहिले आहे का.